मादाम बुवरेंनी सोडलेलं कलम

करारातल्या ज्या कलमाला फ्रान्समधल्या पोलिन्यीच्या आसपासचे सगळे चीजवाले शिव्या घालतात, ते आपल्या गळ्यात तसंच राहावं अशी इच्छा असणारा माणूस एकच होता, रेजी कात्नो. कलम साधं आहे. नोकरी सोडलीत तर दोन वर्षं या जिल्ह्यात आणि शेजारच्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या चीजला हात लावायचा नाही. त्या बदल्यात मालकानं घरी बसवल्याबद्दल दरमहा पगाराचा हिस्सा द्यायचा. पण मालकाच्या सोयीसाठी त्यात एक फट ठेवलेली असते. राजीनामा हातात पडल्यावर पंधरवड्याच्या आत मालक रजिस्टर पत्रानं कळवू शकतो, की बाबा रे, मी माझा हक्क सोडला, तू मोकळा, कर कुठं काम करायचं ते. मग बंदीही संपली आणि बसल्याजागीचा पगारही संपला. तरणी माणसं हे पत्र यावं म्हणून देव पाण्यात घालून बसतात. रेजीनं देव पाण्यात घातले होते ते पत्र येऊ नये म्हणून.

कारण काय, तर रेजीचे कान गेले होते.

सुताराचे कान गेले तर तो रंधा मारत राहतो, भटारखान्यातल्या माणसाचं तर काहीच अडत नाही. पण रेजी बुवरेंच्या तळघराचा प्रमुख होता. कोंते चीजची ही भलीमोठी चाकं देवदाराच्या फळ्यांवर महिनोन् महिने पिकत पडलेली असतात, आणि आत काय चाललंय ते वरून दिसत नाही. मग तळघराचा प्रमुख एक सोंद घेऊन फिरतो. सोंद म्हणजे एक आखूड पोकळ सळई, तिला छोट्या हातोडीसारखी मूठ. त्या मुठीनं चाकावर टकटक करत जायचं आणि ऐकायचं. आपण मडकं घेताना वाजवून बघतो ना, तसंच. आत चीर असेल तिथं आवाज बदलतो. चीर असलेलं चाक लवकर विकून टाकायचं, धड असलेलं दीड-दोन वर्षं ठेवायचं. हे ठरवणार प्रमुखाचा कान, आणि त्याच्या शब्दावर अख्ख्या सोसायटीच्या दुधाची किंमत. रेजीनं उभं आयुष्य हेच केलं होतं.

कान एकदम गेले असते तर बरं झालं असतं, माणूस रडून मोकळा तरी झाला असता. ते हळूहळू गेले, उजवा आधी. घरात सांगणारं कुणी नव्हतं. बायको, कोलेत, वारलेली. ती असती तर पहिल्याच आठवड्यात म्हणाली असती, अहो, मी भिंतीशी बोलतेय का. मुलगी सोलेन वेगळी राहत होती, रविवारी यायची, आणि रविवारी काय, माणूस समोरासमोर जेवायला बसलेला असतो, ओठ दिसतात. रेजी गुपचूप बझाँसाँला जाऊन कानात घालायचं यंत्रही आणून बसला होता. ते घालून एकदा तळघरात उतरला तर सगळी चाकं पत्र्याच्या डब्यासारखी वाजायला लागली. धड काय, फुटकं काय, सगळ्यांचा एकच आवाज. ते यंत्र त्यानं मोज्यांच्या खणात टाकून दिलं.

मग तो कानावरून हातावर आला. डावा तळवा चाकावर ठेवायचा, उजव्या हातानं सोंद मारायची, आणि जे कानानं कळायचं ते बोटांनी चाचपायचं. बऱ्याचदा जमायचं. पण गेल्या हिवाळ्यात त्यानं उत्तम म्हणून काढलेली चाकं पॅरिसच्या एका जुन्या दुकानानं कापली, तर आत चिराच चिरा. माल परत आला. मालकीण मादाम बुवरे काहीच बोलल्या नाहीत, आणि रेजीला तेच जास्त लागलं. जूनमध्ये त्यानं राजीनामा दिला. थकलो म्हणाला.

त्याचा हिशोब सरळ होता. मादाम असल्या माणसाला मोकळं सोडणार नाहीत. बुवरेंच्या तळघराची सगळी बिंगं त्याला ठाऊक, कुठल्या सोसायटीचं चीज कुठल्या फळीवर किती काळ चांगलं होतं ते त्याच्या डोक्यात. त्याला दोन वर्षं बांधून ठेवतील, आणि मग पेन्शनचं वय होईल. कुणी बोलवायला आलं तर खांदे उडवून म्हणायचं, काय करणार बाबा, कायद्यानं हात बांधलेत. उभ्या जिल्ह्यात कुणाला कळायचं नाही. आणि मुख्य म्हणजे सोलेनला कळायचं नाही.

ती लहान असताना रेजी तिला स्टुलावर बसवून चाक वाजवायचा आणि विचारायचा, "काय म्हणतंय?" धड असलं तर ती म्हणायची, हसतंय. चिरलेलं असलं तर म्हणायची, खोकतंय. कोलेत वरून ओरडायची, अहो, पोरगी गारठेल. पण पोरीला तळघरातून वर यायचं नसायचं. आपला बाप चाकांशी बोलतो आणि चाकं त्याच्याशी खोटं बोलत नाहीत, असं ती शाळेत सगळ्यांना सांगायची. मोठी झाली तरी तिच्या डोक्यातला बाप तोच होता. रेजीला तो बाप जपायचा होता. बाकी त्याला काही नको होतं.

पंधरवडा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. शनिवारी सकाळी रेजी स्वयंपाकघरात सूप ढवळत उभा होता. दुपारी दार उघडलं तर पत्रपेटीत पोस्टाची चिठ्ठी: रजिस्टर पत्र आणलं होतं, बेल वाजवली, घरी कुणी नव्हतं, पोस्टातून घेऊन जावं. तो दारापासून चार हातांवर होता. बेल वाजल्याचं त्याला कळलंच नव्हतं. आत येऊन त्यानं ती चिठ्ठी पावाच्या डब्याखाली सरकवली. घेतलंच नाही तर पत्र आलंच नाही, असं काहीतरी पोरकट त्याच्या मनात आलं. माणूस घाबरला की असाच विचार करतो.

रविवारी सोलेन आली ती पिवळ्या वाइनची बाटली नाचवत. ती खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "मिळालं पत्र?"

"कसलं पत्र?"

"अरे पपा, वेड पांघरू नकोस. मादामनी शुक्रवारी टाकलंय, मला स्वतः फोन करून सांगितलं."

रेजीनं कोंबडीचं भांडं उगाचच पुन्हा चुलीवर ठेवलं. "तुला कशाला फोन केला त्यांनी?"

"कारण मीच गेले होते त्यांच्याकडे." ती खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की रेजीला तिकडे बघवेना. "तुला काय वाटलं, मला कळत नाही? मी बोगदा घेतला वसंतात, आणि तू राजीनामा दिलास जूनमध्ये. थकलो म्हणे. तू आणि थकलास! तोंडानं मागायला लाज वाटली तुला, म्हणून मी गेले मागायला."

हा बोगदा म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला बंद पडलेल्या रेल्वेचा बोगदा. सोलेननं सोसायटीतल्या तीन शेतकऱ्यांना हाताशी धरून तिथं स्वतःचं तळघर थाटलं होतं. आजवर सगळी सोसायटी बुवरेंसारख्या मोठ्या पेढ्यांना कोवळी चाकं विकायची आणि पिकवण्यातला नफा त्या पेढ्या खायच्या. यांनी ठरवलं होतं की आपण आपली पिकवू. फळ्या लागल्या होत्या, गार हवेचं यंत्र बसलं होतं. फक्त कान हवा होता.

"बाई चिडल्या असतील," रेजी म्हणाला.

"छे रे. आधी गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, तुमच्या वडलांना हे हवंय का? मी म्हटलं, हवंय म्हणजे काय, त्यांचा जीव आहे त्यात. मग पुन्हा गप्प. मला वाटलं नाही म्हणतात आता. पण बाई बऱ्या आहेत, लोक उगाच बोलतात." तिनं बाटलीचं बूच काढलं. "बोल ना काहीतरी. आनंद झाला नाही का?"

"झाला ना," रेजी म्हणाला. तो कोंबडी वाढायला उठला.

आता तुम्ही म्हणाल, सरळ नाही म्हणून टाकायचं. पण नाही म्हणायला कारण लागतं. थकलो म्हटलं तर ती हसते. जमणार नाही म्हटलं तर तिला वाटणार, आपल्या बापाचा आपल्या बोगद्यावर भरवसा नाही, त्या म्हातारीच्या तळघरात आयुष्य घालवलं आणि पोटच्या पोरीसाठी वेळ नाही. कायदा आडवा होता तोवर कुणाचंच मन मोडत नव्हतं. तो कायदा ही पोरगी स्वतः जाऊन, हातापाया पडून, बाजूला काढून आली होती, आणि वर बापासाठी केलं म्हणून खूश होती. रेजीला तिच्यावर रागावताही येईना.

सोमवारी तो कामावर गेला तो थेट वरच्या मजल्यावर. नोटिशीचे दिवस अजून चालू होते, सप्टेंबरपर्यंत तो बुवरेंचाच माणूस होता. मादाम बुवरे सत्तरीच्या पुढच्या, नवरा गेल्यापासून त्यांनीच पेढी चालवलेली. कुणाशी गोड बोलल्याचं ऐकिवात नाही. रेजी दारात दिसल्यावर त्या टेबलामागून उठल्या, वळसा घालून आल्या आणि त्याच्या डाव्या बाजूच्या खुर्चीत बसल्या.

"बसा रेजी. पत्राबद्दल आलात ना?"

"अजून घेतलं नाही मी ते."

"घ्या किंवा नका घेऊ. मी टाकलं त्या दिवशीच ते लागू झालं. तुम्ही मोकळे आहात."

रेजीनं टोपी गुडघ्यावर ठेवली. किती तरी वाक्यं तो घोकून आला होता. "मादाम, मी एवढी वर्षं इथं होतो. सगळं मला माहीत आहे. मी बाहेर जाऊन तुमचं नुकसान करू शकतो."

"करू शकता," मादाम म्हणाल्या.

"मग कुणीही मालक बांधून ठेवेल. तुमच्या नवऱ्यानं तर..."

"माझ्या नवऱ्यानं बांधून ठेवलं असतं. खरं आहे. आमच्या हिशोबनीसानं मला विचारलं, या माणसाची भीती आहे का तुम्हाला? भीती नसेल तर दोन वर्षं पैसे कशाचे द्यायचे? मी त्याला म्हटलं, तू गप्प बस, ते माझं मी बघीन. मी तसंच ठेवणार होते रेजी. मुदत निघून जाऊ द्यायची, असं मी ठरवलं होतं."

रेजीला आधी नीट कळलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं, की गेलं वर्षभर ही बाई त्याच्याशी बोलायला नेहमी डाव्या अंगाला, त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाकडे येते. जेवणाच्या सुट्टीत, गाडीत, तळघराच्या जिन्यात. त्याला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांची एक सवय असते.

"कधीपासून ठाऊक आहे?" त्यानं विचारलं.

"पॅरिसचा माल परत आला त्याच्या आधीपासून. रविवारी तुम्ही नसताना मी खाली उतरून तुमची चाकं पुन्हा वाजवायचे. माझेही कान काही पोरीबाळींचे नाहीत. सुटली काही हातून."

खिडकीखाली दुधाचा टँकर मागे येत होता. रेजीला तो दिसत होता, ऐकू येत नव्हता.

"मग का सोडलंत?" तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा लागला असावा, कारण मादामनी दाराकडे बघितलं.

"तुमची मुलगी त्या खुर्चीत बसली होती. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. काय सांगायचं होतं मी तिला? तुमचा बाप माझ्या धंद्याला धोका आहे म्हणून? ती भांडली असती, वकील आणला असता, आणि मग चार माणसांत ते निघालंच असतं. की खरं सांगायचं होतं? ते सांगायचा हक्क माझा नाही." त्यांनी त्याच्या बाहीवर हात ठेवला, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. "मला वाटलं, निदान तुम्हाला सांगायला वेळ मिळेल. सांगा तिला रेजी."

तो सांगणार होता. पुढच्या रविवारी सांगणार होता, मग त्याच्या पुढच्या. दर रविवारी सोलेन बोगद्याचं काहीतरी नवं घेऊन यायची, फळ्यांचा वास घेऊन, हाताला लागलेलं मीठ घेऊन, आणि तो म्हणायचा, आज नको, आज ती खुशीत आहे. असा उन्हाळा गेला. भ्याडपणा म्हणा हवं तर. मी त्याला तसं म्हणणार नाही, पण तो स्वतःला म्हणत होता.

नोटीस संपल्यावर सप्टेंबरच्या शेवटी बोगद्यात पहिली चाकं वाजवायचा दिवस धरला. त्या भागात नव्या तळघरात पहिलं चाक दूध घालणाऱ्यांच्या देखत वाजवतात. प्रमुख वाजवतो, ठेवायचं की विकायचं ते सांगतो, आणि तो जे सांगेल त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. मग वाइन. तिन्ही शेतकरी बायकांना घेऊन आले होते. त्यातला जिल्बेर जरा तोंडाळ. रेजीला बघून म्हणाला, "काय रे, म्हातारीनं सोडलं शेवटी? आम्हाला वाटलं, तुला पण मीठ लावून फळीवर ठेवते की काय दोन वर्षं."

सगळे हसले. रेजीही हसला, त्यांचे चेहरे बघून.

सोलेननं त्याच्या हातात सोंद दिली. नवी कोरी, मुठीवर त्याच्या नावाची अक्षरं कोरून घेतलेली. त्यानं पहिलं चाक निवडलं, डावा तळवा त्यावर ठेवला आणि सोंद मारली. तळव्याला काहीच कळेना. बुवरेंच्या तळघरात भुईवर दगड होता, फळ्या निश्चल असायच्या. इथं गार हवेचं यंत्र फळ्यांच्या मागंच बसवलेलं, सगळं लाकूड बारीक थरथरत होतं, आणि त्या थरथरीत चाकाचं सगळं बोलणं बुडून गेलं. रेजीनं कडेनं मारलं, मध्ये मारलं, पुन्हा कडेनं. सगळे त्याच्याकडे बघत होते. आता काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"काय म्हणतंय, पपा?" सोलेननं विचारलं. ओठ दिसले म्हणून कळलं.

"हसतंय," रेजी म्हणाला. "दीड वर्षं ठेवा."

त्याच वेळी त्यानं तिचा चेहरा पाहिला. कान गेल्यापासून तो चेहऱ्यांवरच जगत होता, त्यात तो पटाईत झाला होता. तिच्या भुवया किंचित वर गेल्या, हसू होतं तिथंच थिजलं, तिनं चाकाकडे बघितलं, मग त्याच्या डाव्या तळव्याकडे, आणि तिला सगळं कळलं. ऐकू न गेलेली बेल, मोठा केलेला टीव्ही, उजवीकडून मारलेल्या हाकेला ओ न देणं, रविवारी समोरच बसण्याचा त्याचा हट्ट, मादामची ती गप्प बसण्याची पद्धत, सगळं तिच्या डोळ्यांतून एकापाठोपाठ गेलं.

"हसतंय," ती मोठ्यानं म्हणाली, शेतकऱ्यांकडे वळून. "दीड वर्षं."

जिल्बेरनं टाळी वाजवली. कुणीतरी बाटली उघडली. सोलेन त्याच्याकडे पाठ करून ग्लास भरायला लागली.

रेजी चाकाशीच उभा राहिला. आपली अब्रू वाचली हे त्याला कळलं. कशानं वाचली तेही कळलं. दुधाच्या धन्यांसमोर, स्वतःच्या तळघरात, पहिल्याच दिवशी, पोरगी खोटं बोलली होती. चिरलेलं चाक ठेवायचं म्हणाली होती. उद्या ते कापलं जाईल तेव्हा लोक म्हणतील, बापाचं सोडा, पण हिला कान नाहीत का. पोरीच्या कानांबद्दल तर त्याला कधी शंका आली नव्हती.

"जिल्बेर," तो म्हणाला. "थांबा जरा. ग्लास ठेवा."

सगळे वळले.

"पहिलं चाक खोकतंय. ठेवू नका, विका. मला ऐकू आलं नाही. मला बऱ्याच दिवसांपासून धड काही ऐकू येत नाही. तिला आलं होतं, माझ्या तोंडाकडे बघून ती गप्प बसली." त्यानं सोंद सोलेनच्या हातात दिली. "हिच्या कानावर चाला. मी हिला स्टुलावर बसवून शिकवलंय."

कुणी काही बोललं असेल तर त्याला कळलं नाही. जिल्बेरनं टोपी काढली होती एवढं दिसलं. सोलेन सोंद घेऊन नुसती उभी होती, तिचे ओठ हलत होते, पण ती मान खाली घालून बोलत होती.

"वर बघून बोल ना बाळा," रेजी म्हणाला.

तिनं वर बघितलं. "मीच गेले होते रे बाईंकडे," ती म्हणाली. "तू नीट बसला होतास आपला. मीच जाऊन सोडवून आणलं."

"तुला काय माहीत होतं."

"त्यांनी विचारलं होतं मला. तुमच्या वडलांना हे हवंय का, म्हणून विचारलं होतं."

त्यानं तिच्या हातातली सोंद नीट धरवली, अंगठा मुठीच्या वर, लहानपणी धरवायचा तशी, आणि तिला पुढच्या चाकाकडे ढकललं. दूध घालणारी माणसं ताटकळत होती, आणि काम काही थांबत नाही.

मग तो बोगद्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. समोरच्या उतारावर गाईंच्या गळ्यातल्या घंटा हलत होत्या. मागं सोलेन वाजवत होती, मध्येच थांबून हाका मारत होती, "पपा, हे ऐक, पपा", आणि मग तिच्या लक्षात येत होतं. शेवटी तिनं सोंद खाली ठेवली, चालत बाहेर आली, त्याच्या पाठीमागून वळसा घातला, आणि डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.